वाचणारीची सही

मळमड्डी, धारवाड
रविवार, सकाळ

प्रिय रश्मी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, एवढ्यावरच मी निम्मी खूश आहे. बारा वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम हा जाडजूड लिफाफा, तोही रजिस्टर पोस्टाने. म्हणजे हिला काहीतरी हवं असणार, असं तुझ्या मनात आलंच असेल. हो, हवं आहे. पण ते मी शेवटी सांगणार आहे, कारण आधी सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस. बेळगावात तुझा नंबर मिळवणं काही अवघड नव्हतं. पण फोनवर मी पहिल्या ‘हॅलो’लाच रडले असते आणि तू ‘आधी नाक पूस, मग बोल’ म्हणाली असतीस. कागदावर मी जरा बरी बोलते.

मामंजींना जाऊन तीन वर्षं झाली. तुला कळलं असेलच. त्यांची खोली अजून तशीच आहे, खिडकीपाशी ते बुटकं टेबल आणि समोर आपली सतरंजी. सगळ्या धारवाडात मोडी वाचणारा माणूस म्हणजे मामंजीच, गावाचे आप्पासाहेब, निवृत्त मराठी मास्तर. आपला हा भाग पूर्वी मुंबई इलाख्यात, त्यामुळे जुने जमिनीचे कागद मराठीत आणि मोडी लिपीत. आणि वकील मंडळी सगळी कन्नड शाळेत शिकलेली. कागदांचा बस्ता घेऊन मळमड्डीची वाट धरण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. मामंजींना मोतीबिंदू झाला आणि त्यांनी सुनेला आणि शेजारच्या रश्मीला हाताशी घेतलं. एकीने वाचायचं, दुसरीने बाळबोधीत उतरवून घ्यायचं, आणि शेवटी ‘वाचणार’ या शब्दापुढे मामंजींनी सही करायची. वकिलांचं पाकीट मामंजींना आणि पेढ्यांचा पुडा आपल्याला. मला त्या पेढ्यांचं केवढं कौतुक! पाचव्या की सहाव्या पुड्याला तू विचारलंस, “जया, आपल्याला सारखे पेढे का देतात गं? आपण कसली परीक्षा पास झालोय?” मी हसून हसून बेजार झाले. तू हसत नव्हतीस, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मग हुबळीच्या कापडवाल्या गोविंदशेटांचा तो कागद आला. त्या दिवसाबद्दल मला लिहायचंच आहे, तेव्हा चुकवत नाही. केळगेरी तळ्याकाठची जमीन त्यांच्या आईकडच्या पूर्वजांना एका देसायांनी दिली, त्याचा तो कागद. खाली साल नुसतं आकड्यांत, १२२०. आपल्या कामातली ही नेहमीची खोच: जुन्या कागदांत फसली सालही असतं आणि शुहूर सालही असतं, आकडा तोच दिसला तरी दोन्हींत नऊ वर्षांचा फरक पडतो. मामंजी म्हणाले फसली, म्हणजे इसवी सन अठराशे दहा. तू म्हणालीस शुहूर, म्हणजे अठराशे एकोणीस. मामंजींनी चष्मा काढून ठेवला आणि चाळीस वर्षं आपण काय गवत उपटतोय का, असं विचारलं. तू माझ्याकडे वळलीस. मी सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत म्हणाले, मामंजी म्हणतात तेच असेल. मग तू म्हणालीस, निदान वाचलं कोणी त्यांची नावं तरी खाली घाला, चूक निघाली तर जिची तिला कळेल. त्यावर मामंजींचं उत्तर तुला पाठ असेल. बायकांच्या नावाने कागद गेला तर त्याला कोर्टात विचारतो कोण! तू उठलीस, चपला घातल्यास, आणि पुन्हा आमची पायरी चढली नाहीस. सहा महिन्यांनी तुमची बेळगावला बदली झाल्याचं मला भाजीवाल्या यल्लव्वाकडून कळलं.

त्यानंतर मी एकटीच वाचत राहिले. नऊ वर्षं मामंजींच्या नावाने. ते गेल्यावर तरी मी शहाणं व्हावं की नाही? प्रभंजन वकील भेटायला आले, हळहळले, आणि जाता जाता म्हणाले, कोर्टाची नसली तरी बाकीची कामं आहेतच, वंशावळी आहेत, देवस्थानांचे कागद आहेत. अक्का, म्हणजे मी, वाचतील, सही संजीवरावांची घेऊ, आप्पासाहेबांचा मुलगा म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसतो. संजीव बँकेत कॅशियर. मोडीतलं अक्षर आणि मुंगीची रांग यांतला फरक त्याला सांगता यायचा नाही. पण रश्मी, दोन वर्षं त्याने सह्या केल्या आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातलं काम नवऱ्याच्याच नावाने गेलं, असं मी स्वतःला सांगत होते. हे लिहिताना कान गरम झालेत.

आमचं पितळ उघडं पडलं ते हुबळीत, कोप्पीकर रोडवर. गोविंदशेटांच्या कापड दुकानाला शंभर वर्षं झाली म्हणून समारंभ होता. त्यांचे पणजोबा मिरजेहून आले तेव्हाचं एक पत्र त्यांनी मोठ्या फ्रेममध्ये लावलं होतं, आणि सूत्रसंचालकाने उत्साहाच्या भरात जाहीर केलं की मोडीतज्ज्ञ संजीवराव आता ते आपल्याला वाचून दाखवतील. तू तिथे असायला हवी होतीस! संजीव व्यासपीठावर गेला, चष्मा लावला, चष्मा काढला, फ्रेमच्या जवळ गेला, लांब गेला, आणि माईकमध्ये म्हणाला, “माझा घसा बसलाय.” समोर तीनशे माणसं. मी दुसऱ्या रांगेत घामाघूम. मग कोण जाणे काय झालं, मी उठले. वर गेले. पदर खोचला आणि वाचायला लागले. सुरुवातीला नुसतीच पुटपुटत होते. चौथ्या ओळीपासून मला मीच ऐकू यायला लागले. पत्रात त्या पणजोबांनी आईला लिहिलं होतं की इथली माणसं चांगली आहेत, भाकरी आपल्यासारखीच आहे, काळजी करू नकोस. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या वाजल्या आणि त्या माझ्यासाठी आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला. परतीच्या वाटेवर नवलूरपाशी संजीव माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “जया, मला यातून सोडव बाई.”

त्या वर्षी कोल्हापूरला जाऊन मी मोडीची सरकारी परीक्षा दिली. सत्तेचाळिसाव्या वर्षी हॉलतिकीट घेऊन पोरासोरांत बसले. पास झाले, चांगली पास झाले. तिथल्या एका सरांनी गाव विचारलं आणि म्हणाले, दहा वर्षांपूर्वी धारवाडच्याच एक बाई आल्या होत्या, त्या वर्षी पहिल्या आल्या. रश्मी नाव होतं. म्हणजे आमच्या घरातून निघालीस त्याच्या पुढच्याच वर्षी तू परीक्षा देऊन मोकळी झालीस! मी त्या सरांना म्हणाले, हो, माझी मैत्रीण आहे. तेवढं खोटं मी बोलून घेतलं.

आणि आता दोन महिन्यांपूर्वी गोविंदशेट घरी आले, सोबत प्रभंजन वकील. टेबलावर तोच कागद आणि त्याला जोडलेलं आपल्या घरचं वाचन, माझ्या अक्षरातलं, मामंजींच्या सहीचं. खालच्या कोर्टात गोविंदशेट हरले होते. का माहीत आहे? देसायांना ती जमीन मुळात मिळाली अठराशे पंधरात, आणि आपल्या वाचनाप्रमाणे त्यांनी ती देऊन टाकली अठराशे दहात. जी वस्तू हातात नव्हती ती दिली कशी? कागद बनावट आहे, असं समोरच्यांनी म्हटलं आणि ते मानलं गेलं. खरा कागद आपल्या घरातून खोटा होऊन बाहेर पडला होता. आता अपील होतं, आणि समारंभातलं वाचन ऐकल्यापासून गोविंदशेट अडून बसले होते की पुन्हा वाचायचा तर त्या बाईंनीच.

वकील म्हणाले, अक्का, तुम्ही बघून ठेवा, सहीचं संजीवरावांकडून नाहीतर बेंगळुरूच्या कुणा तज्ज्ञाकडून बघू. नाव कुणाचं का असेना, इरली बिडरी, असू द्या हो. मी म्हणाले, नाही, असू देणार नाही. मी वाचलं तर खाली माझं नाव येईल, कोर्टाने बोलावलं तर मी स्वतः उभी राहीन, आणि माझी फी मी आधी सांगेन.  वकिलांनी संजीवकडे पाहिलं. संजीव म्हणाला, “माझ्याकडे काय बघताय की हो? मला मोडीतला ‘अ’सुद्धा येत नाही!” त्या एका वाक्यासाठी मी त्याच्या दोन वर्षांच्या सह्या माफ केल्या. मग मी फी सांगितली. सांगणं सोपं होतं गं, सांगून गप्प बसणं महाकठीण. सवयीने लगेच तोंडात आलं होतं, तसं काही नाही, तुम्ही द्याल ते चालेल. जीभ दाताखाली धरून बसले. गोविंदशेट म्हणाले, “हौदु, बरोबर आहे.” वकील हसायला लागले, “अक्का, एवढी वर्षं कुठं होता हो?” म्हटलं, आत होते, तुमच्या चहाचं आधण ठेवत.

तीन दिवस बसून वाचलं. साल शुहूरच. तिथी आणि वार लिहिलेले आहेत, ते जुन्या जंत्रीत अठराशे एकोणीसला चपखल बसतात, अठराशे दहाला वारच जुळत नाही. आमच्या घरचं आधीचं वाचन चुकलं होतं, असं मी स्पष्ट लिहून दिलं. मामंजींच्या सहीविरुद्ध. दुसऱ्या दिवशी संजीव म्हणाला, आप्पा असते तर आधी चिडले असते आणि नंतर जंत्री मागितली असती. खरंच आहे ते. माणूस हट्टी होता, अप्रामाणिक नव्हता. अप्रामाणिक दुसरंच कुणीतरी होतं.

वकिलांनी विचारलं, इतक्या चटकन कसं पकडलंत? मी म्हणाले, मी नाही पकडलं. बारा वर्षांपूर्वी रश्मीने पकडलं होतं. मग मी आत जाऊन माझी जुनी वही आणली. त्या वहीत, तू भांडलीस त्याच दिवसाची तारीख घालून, माझ्याच हाताने तिथी-वाराचा पडताळा मांडलेला आहे. अठराशे एकोणीस, खाली दोन रेघा. तो मी सकाळी मांडला होता, रश्मी. तू दुपारी बोललीस. तू माझ्याकडे वळलीस तेव्हा मला शंका नव्हती, मला पक्कं माहीत होतं. तू समजत आली असशील की मी मामंजींना घाबरले. तेवढंच असतं तर बरं होतं. तुझं म्हणणं खरं ठरलं असतं तर खाली तुझं नाव आलं असतं, आणि मग माझंही यावं लागलं असतं. नाव आलं की चूकही आपली, जबाबही आपला. मला सुनबाई राहणं सोयीचं होतं. त्या सोयीपायी मी तुला खोटं पाडलं, आणि गोविंदशेटांना जमिनीला मुकवलं. याची माफी मागते. लगेच मिळावी असा आग्रह नाही.

आता लिफाफा जाड का आहे ते. आत मूळ कागदाचे मोठे, स्वच्छ फोटो आहेत आणि जंत्रीच्या पानांच्या झेरॉक्स. शेवटी एक बिनसहीचा फॉर्म आहे, त्यावर ‘वाचणार’ या शब्दाखाली दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीवर तुझं नाव टाइप केलंय, दुसऱ्या ओळीवर माझं. त्या दिवशी टेबलावर मी जी फी सांगितली, ती दोन वाचकांची सांगितली होती. तुझा वाटा तुझ्या नावाने वेगळा येईल, वकिलांनी तसं लेखी दिलंय. अठरा तारखेला सुनावणी आहे. माझं वाचन आणि माझं टिपण मी मुद्दाम पाठवलेलं नाही. तू आधी स्वतः वाच, स्वतः साल ठरव, आणि मगच सही कर. माझ्यावर विसंबून तर मुळीच करू नकोस. यायचं नसेल तर पोस्टाने पाठव. पण आलीस तर सतरंजीवर नाही, टेबलाशी दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसू. पुन्हा ताडून बघू. तुझं म्हणणं पटलं तर मी ते सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणेन, नाही पटलं तर तुझ्याशी कडाकडा भांडेन. पण गप्प बसणार नाही.

तुझीच,
जयलक्ष्मी