दादाची साधी, माझी वाईट

४ फेब्रुवारी
दादाची गाठ साधी. माझी वाईट!

बाबा आतड्याच्या कॅन्सरने गेले, म्हणून आम्ही बहीणभावांनी आतड्याची दुर्बिणीची तपासणी एकाच दिवशी उरकायचं ठरवलं. दादा म्हणाला, ‘चल, जोडीने जाऊ. कांजिण्याही आपल्याला जोडीनेच आल्या होत्या.’ आणि दोघांच्याही आतड्यात एकेक गाठ निघाली.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर फोटो दाखवले. दादाला म्हणाल्या, ‘चपटी, फिकट, बारकी. अशा गाठी बहुधा निरुपद्रवी असतात. काढून टाकली.’ माझ्या फोटोपाशी त्यांचं बोट थांबलं. ‘ही लाल आहे, खडबडीत आहे. दुर्बीण लागताच रक्त आलं. मला ही काही आवडली नाही.’

आवडली नाही! जसं काही पडद्याचं कापड निवडायला बसलोय.

दोन्ही गाठी लॅबला पाठवल्यात. दादाची नुसती नियम म्हणून.

५ फेब्रुवारी
माझ्या चष्म्याच्या दुकानात गेले. घरी बसून काय करू? दिवसभर तेच — ‘आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?’ एका आजोबांनी ‘ध’ला ‘घ’ वाचलं, तेही छातीठोकपणे. वर मलाच म्हणाले, ‘तुमचा तक्ता चुकलाय!’ मी हसले. मग मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसून राहिले.

डोळा चुकतो, हे मला कोणी सांगायला हवं? पण डॉक्टरबाईंचा चुकला असेल, एवढी आशा धरायचाही धीर होत नाही.

७ फेब्रुवारी
दादा मला ओळखीच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी सरळच विचारलं, ‘नुसतं बघून कितपत खात्रीने सांगता येतं?’

‘हात बसलेला असला की डोळा बहुतेक वेळा बरोबर ठरतो,’ ते म्हणाले. ‘पण एकच फोटो चार डॉक्टरांना दाखवा, चौघांचं एकमत होईलच असं नाही. मीही चुकलोय. साध्या गाठीला घाबरलोय आणि वाईट गाठीला साधी म्हटलंय.’

मग दादाचा फोटो बघितला. ‘ही साधीच.’ माझा बराच वेळ बघत राहिले. ‘मीही बाईंसारखंच म्हणेन.’

संपलं.

जिन्यात दादा म्हणतो, ‘म्हाताऱ्याला मोतीबिंदू असणार गं! तुझ्या दुकानात पाठव त्याला.’ माझं डोकंच फिरलं. साधी गाठ वाट्याला आली की विनोद सुचतात माणसाला!

८ फेब्रुवारी
दुकानातून डबा न उघडताच परत आणला. पाणीसुद्धा नको वाटतं.

१० फेब्रुवारी
आईला सांगावंच लागलं. ती टॉवेलच्या घड्या घालत होती. रडली नाही. म्हणाली, ‘तुझे बाबा मूळव्याध आहे, मूळव्याध आहे म्हणत राहिले. मीही खरं मानलं.’ उरलेल्या घड्या घातल्या. मग हळूच — ‘निदान दादाचं तरी ठीक आहे.’

तिच्या मनात वावगं काही नव्हतं, कळतंय मला. बुडत्याला काडीचा आधार. आईची काडी दादा.

आणि मी? मी बुडालेलीच.

११ फेब्रुवारी
कपाट आवरायला काढलं होतं. माझ्यामागे कोणाला उपसावं लागू नये. तेवढ्यात दादा आला. पसारा ओलांडून आत गेला. स्वयंपाकघरातला गळका नळ घट्ट केला, हात पुसले आणि माझ्याशेजारी जमिनीवरच बसला.

‘ऑपरेशन झालं की आमच्याकडे राहायचं. वहिनीने खोली लावूनसुद्धा ठेवलीये.’

‘आणि बरी नाही झाले तर?’

‘तर मी आहे ना!’

मग माझा बांध फुटला. त्याच्या शर्टात तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडले. ‘दादा, मी गेले तर आईला...’

‘गप! आईला आपण दोघं बघणार आहोत.’

१३ फेब्रुवारी
डॉक्टरबाईंनी माझा रिपोर्ट आधी वाचला. साधी गाठ. नुसती सूज! दादा ताडकन उठला — ‘वाचली माझी बहीण!’ सगळ्यांसमोर मिठी मारली मला.

बाई हसल्या नाहीत. त्याला म्हणाल्या, ‘तुम्ही बसा जरा.’

कॅन्सर दादाच्या गाठीत निघाला.