माझ्या नावाने माफी

सोमवार, ४

सकाळी मेलो. जेवून पुन्हा मेलो. नोकरीच तशी — अधिकारी घडवायच्या या शाळेत आम्ही पगारी शत्रू! दंडाला लाल पट्टी बांधायची, खोट्या गावातल्या खोट्या घरांत दबा धरून बसायचं आणि संध्याकाळच्या आत हरायचं. काका इथले सगळ्यात जुने शत्रू. म्हणतात, 'मरायचा पगार मिळतो, आणखी काय पाहिजे तुला?'

नवे मेजरसाहेब आलेत. म्हणाले, यापुढे ठरवून हरायचं नाही. खरं लढा, पोरांची जिरवा. बरं वाटलं!

बुधवार, ६

मेजरसाहेबांचा तास. आम्हालाही मागच्या बाकावर बसवलं. कुठल्याशा जुन्या चिनी सेनापतीची विद्या. मरून हजारो वर्षं झाली, तरी साहेबांच्या तोंडी त्याचंच कौतुक. न लढता जिंकतो तो खरा, म्हणे. आधी शत्रू ओळखा — काय खातो, कशाला भितो, कोणासाठी जीव टाकतो. हेर पाठवा. गोळी सगळ्यात शेवटी.

कॅडेट भराभर लिहीत होते. मी जांभया देत होतो. सहावीत शाळा सोडली ती याचसाठी!

शनिवार, ९

माझा फोन बंद पडलाय. एका कॅडेटने स्वतःचा दिला, घरी ताईशी बोललो. चांगला पोरगा. आठवडाभर बघतोय — नळावर कपडे धुताना शेजारी येऊन बसतो, विचारपूस करतो. इथे आम्हाला कोण विचारतं! सगळं सांगून टाकलं. बाबांचं सायकलचं दुकान. चाक दादाने ढिलं ठेवलं आणि भर गिऱ्हाइकांत बाबांनी कानाखाली वाजवली माझ्या! तिथूनच घर सोडलं. तेव्हापासून बाबांशी एक शब्द नाही. म्हटलं, आधी त्यांनी बोलावं. तो म्हणाला, 'बरोबर आहे तुझं.'

मंगळवार, १२

हरामखोर! हरामखोर!

आज पाण्याची टाकी आमच्या ताब्यात होती. दुपारपर्यंत एकाही कॅडेटला जवळ फिरकू दिलं नाही. काका तर टाकीखालच्या खोलीत पाय पसरून बसले होते. आणि भोंग्यावर आवाज — 'भिंगऱ्या, खाली ये. तुझे बाबा गेटवर आलेत.'

भिंगऱ्या! या नावाने मला जगात एकच माणूस हाक मारतो. इथे मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. बंदूक टाकली, दार उघडलं आणि पळत सुटलो. चप्पल कुठे पडली कळलं नाही. गेटवर कोण? कोणी नाही! मागे वळेपर्यंत टाकी त्यांची. एकही गोळी न उडवता. भोंगा हातात घेऊन उभा कोण, तर नळावरचा तो गोडबोल्या! पोरं टाळ्या पिटत होती. मेजरसाहेबांनी त्याची पाठ थोपटली. 'याला म्हणतात शत्रूला ओळखणं!'

काका म्हणाले, 'अरे, दार उघडायच्या आधी मला तरी विचारायचंस!' काय विचारणार होतो?

बुधवार, १३

गोडबोल्याला नळावर गाठला. गचांडी धरली. नाव कुठून कळलं?

ताईला लावलेला नंबर त्याच्या फोनमध्ये राहिला होता. त्याने घरी फोन केला. माझ्या नावाने! 'घसा बसलाय म्हणून सांगितलं,' म्हणाला. 'एवढंच बोललो रे — बाबा, चुकलं माझं, माफ करा.'

'मग?'

'म्हणाले, भिंगऱ्या, जेवलास का?'

वर मलाच म्हणतो, 'चिडतोस काय? तुमचं भांडण मिटलं की!'

एक ठेवून दिली. दुसरी देणार होतो, काकांनी ओढून बाजूला नेलं.

गुरुवार, १४

मेजरसाहेबांनी बोलावलं. वाटलं, नोकरी गेली. तर हसले! 'शत्रू चिडला म्हणजे डाव बरोबर बसला.' म्हटलं, साहेब, मी शत्रू, कबूल. माझे बाबा कधीपासून शत्रू झाले? त्यांच्या दंडाला पट्टी होती का? हसायचे थांबले. 'जा, कामाला लाग.'

माफी! माझी होती ती. मागायची की नाही, ते मी ठरवणार होतो. आणि चूकच नाही तर माफी कसली? तिकडे बाबा गल्लीभर सांगत असतील — पोरगं आलं ताळ्यावर. दादा मिशीतल्या मिशीत हसत असेल. चाक ढिलं ठेवणारा!

काका म्हणतात, 'राहू दे ना. आयतं मिटतंय.' कसलं मिटतंय? माझं नाक कापून दुसऱ्यानेच नेऊन दिलंय!

उद्या फोन करणार. सांगणार, तो मी नव्हतो. चुकलो नव्हतो, माफीबिफी काही मागितलेली नाही.

शुक्रवार, १५

काकांच्या फोनवरून लावला. बाबांनीच उचलला. एका दमात सांगून टाकलं — त्या दिवशी बोलला तो मी नव्हतो.

'माहितीये,' म्हणाले. 'पहिल्याच वाक्याला कळलं. तू कधी इतकं मऊ बोललायस?'

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

'कोणाचा पोरगा आहे तो?' म्हणाले. 'त्याला सांग, अधूनमधून फोन करत जा.'