शिंगाआडचा चेहरा

प्रिय बाळू,

गेलेल्या माणसावर रागवू नये, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचे मित्र बहुधा शहाणे असावेत. मी रागावलोय, आणि तोंडावर शिव्या घालायची सोय तू ठेवली नाहीस, म्हणून हे पत्र.

काल तुझा फोटो लावायला तुझ्या घरी गेलो होतो. तुझ्या लेकीनं, सुषमानं ओतूरहून फ्रेम करून आणलेला. स्टुलावर चढून खिळा मीच ठोकला. वहिनींनी पदरानं काच पुसली, बघितलं, पुन्हा पुसली. मग मला म्हणाल्या, "भावजी, ह्यो कोण?"

निळा कोट, टाय, गुळगुळीत गाल, दातांची अखंड पंगत. जणू पतसंस्थेचा चेअरमन! तुझा पुढचा पडका दात कुठे गेला? पंपाचा पंखा लागून भुवईवर पडलेला व्रण कुठे गेला? वहिनींनी फ्रेम कॉटवर पालथी घातली. "परक्या माणसाला हार न्हाई घालायची मी." खिळा रिकामाच राहिला.

हा परका माणूस घरात आणला कुणी? तूच!

जन्मभर विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींना नवी वायर गुंडाळलीस, आणि पन्नाशीत हा नाद लागला. फोनला तोंडी सांगायचं, चित्र तयार. गिऱ्हाईक मोटारीसाठी खोळंबलेलं आणि तू फोनला बजावतोयस, "बिबट्या काढ. टोपीवाला. घोडेगावच्या कचेरीत लाइनीत हुबा. हातात पिशवी पायजे." बिबट्या आला, पंजाला सहा बोटं घेऊन. तू हसून बेजार. "शास्त्री, बग की! सातबाराच्या उताऱ्यासाठी आलाय राव!" मग मला जटा-वल्कलं चढवून त्या बिबट्याला संधी-समास शिकवायला बसवलंस. मी रचून दिलेला श्लोक यंत्राकडून पोवाड्याच्या चालीत गाऊन घेतलास. हसलो मी. कोण हसणार नाही?

तिथंच थांबला असतास! पण तुला माणसं सुधारायची हौस आली. ज्याचं लग्न जमेना त्याला कोट, ज्याचा वाढदिवस त्याच्यामागे बर्फाचे डोंगर. आणि मग स्वतःलाच घेतलंस हाताखाली. शेतातला तू, दुकानातला तू, गणपतीपुढचा तू. एकेका फोटोत दात बसवलास, व्रण पुसलास, केस काळे केलेस. मूळचे फोटो? फोनमध्ये जागा होईना म्हणून पुसून टाकलेस, चहा पिता पिता!

मी म्हटलं होतं, "अरे, मूळ ग्रंथ जाळून नुसती टीका जपणारा तू पहिलाच पंडित."

तू बशीतला चहा फुंकत म्हणालास, "शास्त्री, मूळ मीच हाय की. हितंच बसलोय. जातोय कुठं?"

गेलास ना? बसल्या जागीच गेलास की रे!

लग्नातला फोटो आहे, पण त्यातल्या मिसरूड फुटलेल्या पोराशी वहिनींची तेव्हा धड ओळखही नव्हती. आधारकार्डावर तर तुझं भूत आहे. सुषमा म्हणाली, "काका, यंत्रालाच सांगते, दात पाड म्हणून." त्यानं भलताच दात पाडला. मग सगळेच पाडले. पुढच्या खेपेला तू ऐंशीचा म्हातारा झालास. पोरगी रडायला लागली. आपल्या बापाला ओळखीचा करण्यासाठी यंत्राची मनधरणी करायची वेळ तू तिच्यावर आणलीस, बाळू. याला काय म्हणू?

वहिनी खिळ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "डोळं मिटलं की त्यो कोटवालाच येतो, भावजी. आठवायला गेलं की त्योच. इसरले तर कसं व्हायचं?"

तू हे ऐकायला हवं होतंस. बिबट्याला टोपी घालणाऱ्या माणसा, तू हे ऐकायलाच हवं होतंस!

आणि मग त्यांनाच आठवलं. सर्जा बैल विकायला तू बेल्ह्याच्या बाजारात गेला होतास, तेव्हा व्यापाऱ्यानं गिऱ्हाइकांना पाठवायला फोटो काढला होता. आज सकाळी मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "बैलाचा हाय, पावणं. माणसाचा न्हाई." म्हटलं, तोच पाठव.

मधोमध सर्जा, शिंगापासून शेपटीपर्यंत सांगोपांग. मागे कासरा धरून तू. अर्धा चेहरा शिंगाआड. पण उरलेला अर्धा तुझाच! भुवई चिरलेली, दाढी वाढलेली, आणि काय झालं होतं कोण जाणे, तोंड उघडून हसतोयस. दाताची खिडकी सताड उघडी.

फोन वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तुझ्यावरून बोटं फिरवली तर चित्र मोठं झालं आणि अख्ख्या फोनभर तुझं खिडकीवालं हसू पसरलं. त्या दचकल्या. हसल्या. मग जे व्हायचं ते झालं.

सुषमानं डोळे पुसत विचारलं, "आई, शिंग काढून टाकू? झाकलेली बाजू भरून देतंय यंत्र. लगेच होतंय."

"हात लावशील तर बग! शिंग ऱ्हाऊ दे. त्याच्यामागं तुझा बाप हाय."

उद्या तो फोटो लागेल, बैलासकट. मी वचन देतो, त्या शिंगाला मी असेतो कुणी यंत्र लावणार नाही. झाकलेला अर्धा तू वहिनींच्या डोक्यात राहशील, तिथं तुझं काही चालायचं नाही. तुझ्या श्राद्धाला गंध लावताना सर्जाला लागेल, पोळ्याला त्याच्या आरतीतलं थोडं तुला मिळेल. त्याला इलाज नाही, फोटो मुळात त्याचा आहे.

राग गेलेला नाही. खिळा मात्र जरा खाली ठोकायला सांगितलंय, वहिनींचा हात पोचेल असा.

तुझ्यावर अजूनही चिडलेला,
अनंता
(तुझ्या भाषेत, शास्त्री)