टेबलाखालचा मेणदोरा

५ ऑगस्ट, मंगळवार

प्रिंटर मेला! आजच मरायचं होतं त्याला.

ऑफिसचं पत्र आलं. एक सप्टेंबरपासून बंगळूरला हजर व्हा, घरून काम बंद. हो की नाही ते बावीस तारखेपर्यंत कळवा. नाही म्हटलं तर नोकरी गेली. हो म्हटलं तर नवीन टीम, माझी स्वतःची. मला कागदावर वाचल्याशिवाय काही खरं वाटत नाही, म्हणून प्रिंट दिली. ढिम्म! टेबलाखाली कुठली तरी वायर निघाली असणार. वाकून बघितलं आणि तशीच वर आले. चार वर्षांचा गुंता आहे तो. चार्जर, मोठ्या स्क्रीनची वायर, कीबोर्ड, हेडफोन, राऊटर, शिवाय एक काळी वायर जी कुठूनच कुठे जात नाही.

जाऊ दे. कागद घरात नसलेलाच बरा. बाबांच्या हाती लागला असता.

मला जायचंय. हे फक्त इथे लिहिते.

६ ऑगस्ट

ढग आज थेट खोलीत. लोणावळ्यात, त्यातून आमच्या तुंगार्लीत, त्याचं कोणाला कौतुक नाही, पण मी खिडकी लावायला उठलेच नाही. मीटिंगमध्ये सगळे बोलत होते आणि मी त्याच्याकडे बघत होते. टेबलाखाली शिरला, वायरींमध्ये जरा रेंगाळला, मग दिसेनासा झाला.

"अनघा, आहेस ना?" कोणीतरी विचारलं. हो म्हटलं. कुठे, ते नाही सांगितलं.

७ ऑगस्ट

सविता मावशींनी संप पुकारला. "ताई, झाडू घालू कुटं? हितं केर कमी न् वायरीच लय! मी न्हाई हात लावायची. करंट बसला म्हंजी?"

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मग गुडघे धरत धरत खाली बसले आणि टेबलाखाली डोकावले. बराच वेळ. बाहेर आले ते चेहरा पाडून. "अनू, अशी गाडी आमच्या शॉपमध्ये आली असती ना, तर साहेबांनी ड्रायव्हरला उभं केलं असतं!"

देहूरोडच्या डेपोत बत्तीस वर्षं बाबांनी लष्करी गाड्यांचं वायरिंग केलं. मला वाटलं, बोलून विसरतील. आई गेल्यापासून दोन वर्षं सगळंच बोलून विसरतात.

८ ऑगस्ट

विसरले नाहीत! सकाळीच माळ्यावरून पत्र्याचा डबा उतरवला. आत मेणदोऱ्याचं रीळ, बोथट सुई, कापडी पट्ट्या. झाकण उघडलं आणि तो मेणाचा वास आला. मी एकदम आठ वर्षांची. बाबा संध्याकाळच्या लोकलने यायचे तेव्हा त्यांच्या बाहीला असायचा.

मी बाजारातून आणलेले, वायरी बांधायचे प्लॅस्टिकचे टाय पुढे केले. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी श्रीखंडात मीठ घातलंय.

"छे! टाय वायरीला चावतो. दोरा धरतो."

११ ऑगस्ट

तीन दिवस नुसती मोजमापं. कागदावर नकाशा. कुठली वायर कुठून निघते, कुठे जाते. काळ्या वायरीला नकाशात जागा नाही, तर बाबांना तिचंच वाईट वाटतंय.

आज सांगायचं ठरवलं होतं. "बाबा," म्हटलं. "हं?" म्हणाले, तोंडात दोरा धरून. "चहा टाकू?" म्हटलं.

शी! काय माणूस आहे मी.

१२ ऑगस्ट

आज मला घराबाहेर काढलं! "लॅपटॉप चालू ठेव. एकेक वायर लावून बघायचीय. दोन तास फिरकू नकोस."

तळ्याकाठी जाऊन बसले. तळं नव्हतंच, सगळं पांढरं. फक्त पाणी काठाला लागल्याचा आवाज. वाटलं, अशीच बसून राहिले तर बावीस तारीख मला न सापडता पुढे निघून जाईल. घड्याळ बघितलं तर तीन तास झालेले.

घरी आले आणि टेबलाखाली बघतच राहिले. सगळ्या वायरी एकत्र, सरळ, टेबलाच्या मागच्या कडेने गेलेल्या. बोटाच्या दोन-दोन पेरांवर एकेक गाठ. जिथे एखादी वळते तिथे कापडी पट्टी, पट्टीवर तिचं नाव, तारीख आणि बाबांची सही. डेपोची सवय! त्या बिनकामाच्या काळीलासुद्धा बांधलंय. पट्टीवर "राखीव".

"एवढं घट्ट कशाला पण?"

"गाडी खड्ड्यातून गेली तरी वायर हलता कामा नये."

"टेबल कुठे जाणारे खड्ड्यातून?"

"लोणावळ्यातलं टेबल आहे. सांगता येत नाही."

प्रिंटरही चालू झाला म्हणे. त्याची वायरच निघाली होती. हे सांगताना बाबा पाठमोरे होते, डब्यात सुई शोधत. थकले असतील.

१३ ऑगस्ट

दुपारी फरशीवर आडवी पडून खालून बघत होते. लहानपणी असंच टेबलाखाली घर करायचे मी. हात उगाच त्या गाठींवरून फिरवला, मेण जरा चिकटतं. झोप लागत होती. तेवढ्यात लक्षात आलं — लॅपटॉपचा चार्जरसुद्धा बांधलाय! माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलीय, चार्जर काढला की दोन मिनिटांत काळोख. म्हणजे आता लॅपटॉप काही टेबलावरून उठत नाही. मला न्यायचा झाला तर कात्री लावावी लागणार.

आधी हसू आलं. मग अजिबात नाही.

१५ ऑगस्ट

सविता मावशी बाबांवर खूश. "आबांनी वायरींची येणी घातलीया जणू! व्हय की न्हाई, ताई?" वेणीचं ऐकून बाबा मोठ्याने हसले. हा आवाज घरात कधी ऐकला होता शेवटचा? आठवेना.

१७ ऑगस्ट

स्वप्न पडलं. मी टेबलाखालच्या वायरीचं टोक धरून चालतेय. भिंतीतून बाहेर, तळ्यावरून, घोरावाडी स्टेशनच्या फलाटावरून, मग माहीत नसलेल्या गावांतून. वायर संपतच नाही आणि मला दमायलाही होत नाही. मागे वळून बघितलं तर दुसरं टोक बाबांच्या हातात. सोडत नव्हते की द्यायला आले होते, ते कळायच्या आत जाग आली.

१९ ऑगस्ट

बाबा शेजारच्या यशोधराबाईंकडे गेले. त्यांच्या टीव्हीमागचा गुंता बांधून द्यायला! आपण होऊन विचारायला गेले होते म्हणे. दोन वर्षं हा माणूस फाटकाबाहेर पडत नव्हता. चहाचा कप धरताना हात थरथरतात, दोरा धरला की नाही.

आणि मी या माणसाला सोडून जाणार?

२१ ऑगस्ट

नाही जात. ठरलं.

मेल लिहून ठेवला. चार ओळी. घरच्या अडचणीमुळे वगैरे. उद्या पाठवायचा. लिहिताना शहाण्यासारखं वाटलं, लिहून झाल्यावर रडूच आलं. बाबा आत रेडिओ ऐकत होते. जेवताना म्हणाले, "डोळे का लाल?" म्हटलं, स्क्रीनमुळे. "हं," म्हणाले आणि माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.

२२ ऑगस्ट

मेल पाठवताना बाबांच्या शेजारी बसावंसं वाटलं. बाहेर, गॅलरीत. त्यासाठी चार्जर हवा. म्हणून कात्री घेतली आणि टेबलाखाली शिरले, पार भिंतीपर्यंत, जिथे कधी हात घातला नव्हता. तिथे एक पट्टी होती. बाबांचं अक्षर —

लॅपटॉप चार्जर. सुटा ठेवला आहे. हे टोक ओढावे.

तारीख १२ ऑगस्ट. खाली सही. आणि पट्टीमागे मेणदोऱ्याने बांधलेला, घडी घातलेला कागद. माझं पत्र! मी पाच तारखेला दिलेली प्रिंट. वायर जोडल्याबरोबर बाहेर आली असणार.

टोक ओढलं. गाठ एका ओढीत सुटली. बाकीच्या वायरी जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

गॅलरीतून आवाज आला, "निघाला का गं?"

"निघाला, बाबा," म्हटलं, आणि तिथेच बसून खूप रडले. मग वर येऊन मेल पुसला.