मागच्या फळीवरची झोप

मार्केट यार्ड, सोलापूर
शुक्रवार, दुपार

प्रिय रुद्रप्पा,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगतो, इकडे सगळे धडधाकट आहेत. गाडीसुद्धा. सिद्धराम टेम्पो घेऊन दुधनीला तूर आणायला येतोय, त्याच्या हाती हे पाकीट देतोय. फोन का केला नाही म्हणशील. केला होता की! तू उचलतोस, 'हां, बोल' म्हणतोस, मागे काट्यावर कुणीतरी पोत्याचं वजन ओरडतं, आणि तू 'नंतर करतो' म्हणून ठेवून देतोस. तुझं ते नंतर काही अजून उजाडलेलं नाही. आणि मला जे सांगायचंय ते काट्याशेजारी उभं राहून ऐकण्यासारखं नाही. म्हणून एक कर, हे पत्र तुझ्या लेकीला, दिपालीला, वाचायला देऊ नको. पोरगी गुणाची आहे, माझं अक्षरही तिला लागेल, पण हे तू स्वतः वाच. तुझी शाळा कानडी, जोडाक्षरापाशी अडशील, तर अड. मला घाई नाही.

घाई धनाजीशेठना आहे. सोमवारी दिल्लीची डाळिंबं भरायची आहेत आणि माझ्या गाडीला दुसरा ड्रायव्हर नाही. काल त्यांनी मला ऑफिसात बोलावून स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे केली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. म्हणाले, "भारत, जोडीदार तूच सांग. मी आता कुणाला पाठवत न्हाय तुझ्याबरोबर. आन् सोमवारपर्यंत न्हाय सांगितलास, तर दिल्लीची लाईन सोड, लोकलला लाग." लोकल म्हणजे कारखान्याची साखर रेल्वेच्या मालधक्क्यावर नेऊन टाकायची, संध्याकाळी गाडी परत लावायची. आपण ज्यांना हसायचो ना, ते काम. शेठचा राग नाही मला. त्यांनी माझ्याबरोबर एकामागून एक माणसं देऊन बघितली, आणि मी एकेकाला परत आणून सोडलं.

तू गेल्यावर इकडचा बाजारही पार बदललाय. पूर्वी आपण दलालांच्या ओट्यावर भाड्याची वाट बघत बसायचो, आठवतं? आता भाडी मोबाईलवर येतात आणि ओट्यावर मालकच बसलेले असतात, ड्रायव्हरची वाट बघत. शेठच्या आवारात चांगल्या चालत्या गाड्या धूळ खात उभ्या आहेत, चालवायला माणूस नाही. तरणी पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत आणि आली तर त्यांना कुणी पोरगी देत नाही. कोंडीबाने परवा आपल्या पोराचं जमवलं. पोरीकडच्यांना सांगितलं, मुलगा लॉजिस्टिकमध्ये आहे. साखरपुड्याला नवरदेव ट्रक घेऊनच दारात उतरला, मग काय व्हायचं ते झालं. मला हे कुणाला तरी सांगून हसायचं होतं. गाडीत कुणी नव्हतं. एकटाच हसलो, आणि एकट्याचं हसणं केबिनमध्ये फार विचित्र ऐकू येतं.

तर जोडीदार. आधी शेठनी चनबसप्पा दिला. तुझ्याच भागातला, म्हणून मी खुशीत होतो. पण हा गडी स्टेअरिंगपुढे फोन टेकवून बायकोशी व्हिडिओवर बोलत गाडी चालवणार. ती तिकडे चपात्या लाटतेय, हा इकडे धुळ्याच्या ट्रॅफिकमध्ये 'करपली बघ, करपली' म्हणतोय. मी मागे पडून तिची चपाती आणि याचा रस्ता दोन्ही बघत होतो. त्याच्यानंतर आणखी दोघे येऊन गेले, त्यांचं राहू दे. शेवटी पृथ्वीराज आला. रुद्रा, खोटं बोलत नाही, तो पोरगा तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतो. ब्रेक असा लावतो की पेल्यातलं पाणी हलत नाही. व्यसन नाही, फोन नाही, माझ्याशी बोलतानाही 'काका, तुम्ही' असं बोलतो. मी सीटमागच्या झोपायच्या फळीवर आडवा झालो, चादर ओढली, स्वतःला सांगितलं, आता झोप लेका, याच्यासारखा ड्रायव्हर सात जन्मात मिळणार नाही. आणि इंदूरपर्यंत डोळे टक्क उघडे. प्रत्येक गिअर मोजतोय, प्रत्येक ओव्हरटेकला पाय आपोआप दाबतोय, जसा काही फळीला ब्रेकच आहे. माझी पाळी आली तेव्हा डोक्यात नुसती वाळू. पृथ्वीराज कसलेला, त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "काका, झोपलाच न्हाईत की. ऱ्हाऊ द्या, मीच चालवतो." परत आल्यावर मी होऊनच शेठना सांगितलं, याला दुसरी गाडी द्या. चूक त्याची काहीच नव्हती.

मला झोप येत नाही, रुद्रा. एवढंच झालंय, आणि हे एवढंच पुरेसं आहे. न झोपलेल्या माणसाच्या हातात भरलेली गाडी देणं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको.

घरी गेलो तरी तेच. गावाकडे चार दिवस राहून आलो. तुझ्या वहिनीने, केराबाईने, अंगणात बाज टाकून दिली, पलीकडे मेंढरं बसलेली, थंडी छान पडलेली. पण बाज हलत नाही ना! जरा डोळा लागला की वाटतं गाडी थांबली, का थांबली, टोल आला का, पंक्चर झालं का, आणि मी उठून बसतो. एकदा तर अर्धवट जागा होऊन मी विचारलं, "कुटं आलो रं?" केराबाई म्हणाली, "कुटं येणार? घरातच हाय की." मग तिलाच वाईट वाटलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "भावजींना बोलवा की परत." तिला वाटतं बोलावलं की माणूस येतो. तू आईच्या गुडघ्यांचं कारण सांगून गेलास, ते तिने खरं मानलंय.

तुला आठवतं का, आपण दोघांनी इतकी वर्षं एकच फळी वापरली, पण एकत्र चहा किती कमी वेळा घेतला? झोपायला जाणाऱ्याने चहा प्यायचा नाही, हा तुझा कायदा. तू फळीवरून उतरायचास, तुझा ग्लास भरायचा, आणि मी तोंडाला पाणी सुटलं तरी तुझ्या उबेच्या जागी जाऊन पडायचो. तुझ्या आईने दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तेवढी दोघांची. बोलणं म्हणशील तर पाळी बदलतानाचं, डाव्या मागच्या टायरची हवा बघ, क्लच जरा ओढतोय, पुढे पोलीस आहेत. बस. आणि उठल्यावर मी विचारायचं, कुठं आलो? आणि तू म्हणायचं, दुधनी, तुझ्या गावाचं नाव. सेंधव्याच्या घाटात दुधनी, ग्वाल्हेरात दुधनी, यमुनेच्या पुलावर गाड्यांची रांग लागलीय तरी दुधनी! पहिल्या वर्षी मी चिडायचो. नंतर मला त्याच्याशिवाय उठल्यासारखं वाटेना. तू दुधनी म्हणालास की समजायचं, सगळं ठीक आहे, रस्ता आहे तसा आहे, आरामात डोळे चोळ.

आता वैशाखातल्या त्या फेरीचं लिहितो. याच्यासाठीच तुला एकट्याने वाचायला सांगितलं. मला इंदूरच्या पुढे ताप भरला होता. तू माझी पाळी आली तरी मला उठवलं नाहीस. आपली चालवलीस, वर माझीही चालवलीस. मला मधूनमधून कळत होतं, तू गोळी दिलीस ते, पाणी पाजलंस ते. गुणा सोडल्यावर ती दुपार. खिडकीतून नुसता जाळ येत होता, रस्ता सरळ आणि रिकामा. तुला वाटतं मी झोपलो होतो. मी जागा होतो, रुद्रा. कूस बदलून पुढे बघत पडलो होतो, आणि समोरच्या आरशात मला तुझे डोळे दिसत होते. ते मिटले.

मी ओरडायला गेलो. तापाने जीभ टाळ्याला चिकटलेली, आवाजच फुटला नाही. डावीकडची चाकं खडीवर उतरली, गाडी कलली, पुढे मोरीचा कठडा दिसला, आणि तेवढ्यात तू जागा झालास आणि गाडी वर घेतलीस. कशी घेतलीस ते मला आजही कळत नाही, भरल्या गाडीला दुसऱ्या कुणी एवढ्या झटक्यात वळवलं असतं तर ती आडवी झाली असती. पुढे जाऊन तू झाडाखाली थांबवलीस. खाली उतरलास, पाण्याचा कॅन डोक्यावर ओतलास, बॉनेटला टेकून उभा राहिलास. मी हे सगळं काचेतून बघत होतो. मग तू दार उघडून माझ्याकडे बघायला आलास, आणि मी डोळे मिटून घेतले. तुझं तोंड त्या वेळी मला बघवलं नसतं, आणि मी बघितलं हे तुला सोसलं नसतं. तू वाकलास, माझी सरकलेली चादर नीट केलीस, कपाळाला हात लावून बघितलंस. तुझा हात ओला होता. मग बराच वेळ गाडी हलवली नाहीस.

उठल्यासारखं करून मी नेहमीसारखं विचारलं, कुठं आलो? आणि तू म्हणालास, शिवपुरी. आयुष्यात पहिल्यांदा तू मला खरं गावाचं नाव सांगितलंस. तिथेच कळलं की तू आता गाडीवर राहत नाहीस. परतीच्या वाटेवर तू मला एकदाही झोपायला जा म्हणाला नाहीस. सोलापुरात उतरलास, आईचे गुडघे म्हणालास, पिशवी घेतलीस आणि दुधनीच्या गाडीत बसलास. मी वाट बघत राहिलो की कधीतरी तू स्वतःच बोलशील. तू काट्यावर पोती मोजत बसलास. तुला वाटत असेल, भारतला कळलं तर तो माझ्या गाडीत परत कधी झोपेल का?

तर ऐक. मी सगळं डोळ्यांनी बघितलं, आणि तरी त्या फेरीनंतर मला झोप लागली नाही ती तुझ्या हाताखाली नव्हे, बाकी सगळ्यांच्या. कारण दुसऱ्या कुणी माझी पाळी स्वतःच्या अंगावर घेतलेली नाही. तुझे डोळे मिटले ते माझ्यासाठी जागून मिटले. आता कायदा मी करतो. ज्याला झोप आली त्याने बोलायचं, दुसऱ्याला ताप असो की काही असो, आणि दोघांनाही पेलत नसेल तर गाडी बाजूला लावून दोघांनी झोपायचं. डाळिंबं उशिरा पोचली म्हणून दिल्ली काही उपाशी राहत नाही. धनाजीशेठना मी सकाळीच तुझं नाव सांगून आलोय, तुला न विचारता. सोमवारी दुपारी गाडी यार्डाच्या फाटकापाशी उभी असेल, ड्रायव्हरची सीट रिकामी ठेवून. तू आला नाहीस तर मी खाली उतरून किल्ली शेठच्या हातात देईन आणि लोकलला जाईन, तुला दोष देणार नाही. आलास तर सोलापुरातून तू काढ. मी मागे पडतो. तुळजापूरचा घाट चढायच्या आत मी घोरायला लागेन बघ, इतकी झोप साठली आहे. आणि उठल्यावर विचारीन, कुठं आलो? काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे.

तुझ्या मागे झोपायला आतुर,
तुझाच
भारत