भंगारात न गेलेले सहा कॉम्प्युटर

३ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. नव्या ऑफिसात खुर्ची धड मिळाली हे वाचून बरं वाटलं, कारण तू दिवसभर वाकून बसतेस आणि मग पाठीच्या नावाने रडतेस. इकडे सगळं ठीक आहे, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. का ते सांगते.

आमच्या वाचनालयातले सहा कॉम्प्युटर तुला माहीत आहेतच. गेल्या महिन्यापासून ते रोज सकाळी एक निळी पाटी दाखवतात, की या सिस्टीमची देखभाल आता बंद झाली, नवी घ्या. कॉम्प्युटरच्या दुकानदाराला बोलावलं. त्याने पुढून मागून पाहिलं, नवी सिस्टीम या म्हाताऱ्यांना झेपणार नाही, सहाही भंगारात काढा, असं सांगितलं आणि चहा पिऊन गेला. चिटणीसांनी ते लगेच मनावर घेतलं. माणूस वाईट नाही, पण त्यांना रिकामी खोली बघवत नाही. ही खोली शिकवणीवाल्यांना देऊ म्हणतात. मार्चअखेर वार्षिक सभा आहे. तोवर सहाही चालते करून दाखवा, नाहीतर खोलीची किल्ली माझ्याकडे द्या, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

खारू, ही खोली मी भांडून मिळवली आहे. घरी कॉम्प्युटर नसलेली माणसं इथे येतात. दवाखान्यातली ती उंच नर्स ड्यूटी संपवून येते आणि बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करते. प्लंबर येतो, रस्त्यापलीकडची शिवणवाली येते. ही किल्ली गेली तर मी उरले फक्त पुस्तकांवर शिक्के मारायला.

तुझ्या लॅपटॉपवर कोणाच्याच मालकीची नसलेली एक सिस्टीम आहे आणि ती जुन्या यंत्रांवरही पळते, असं तू मागे म्हणाली होतीस. ती मला शिकव. पण पत्राने. फोनवर तू इतकी भराभर बोलतेस की हो हो म्हणण्यापलीकडे माझ्या पदरात काही पडत नाही. पत्र पडद्याला टेकवून ठेवता येतं.

जेवण वेळेवर घेत जा. माया आहेच, ती तुला ठाऊक आहे.

तुझी,
आत्या

९ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबत पेनड्राइव्ह पाठवते आहे. त्यावर वाचनालयाचा नंबर चिकटवू नकोस, तो खाचेत जायचा नाही.

त्या सिस्टीमला लिनक्स म्हणतात. जगभरातल्या माणसांनी मिळून ती लिहिली आहे. घ्या, वापरा, आत डोकावून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, कोणी विचारत नाही. तुझ्या वाचनालयासारखंच आहे, फक्त पुस्तक परत करावं लागत नाही. दुकानदार चुकला असं मी म्हणत नाही. नवी विकतची सिस्टीम त्या यंत्रांना खरंच झेपली नसती. पण यंत्रं म्हातारी आहेत म्हणून मेलेली नाहीत.

मागच्या चार पानांवर सगळं क्रमाने लिहिलं आहे. आधी वाचकांच्या फायली बाहेर काढून ठेव. मग पेनड्राइव्ह लाव, कॉम्प्युटर सुरू होताच मी सांगितलेलं बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत राहा. वाचकांच्या फायलींसाठी एक वेगळा कप्पा करायचा आणि काढलेल्या फायली परत त्यात घालायच्या. कधी सिस्टीम पुन्हा घालायची वेळ आलीच, तर त्या कप्प्यापुढची ‘पुसा’ची चौकट मोकळी सोडायची. हे तांबड्या शाईत लिहिलं आहे, कारण ती चौकट भरलीस तर लोकांचं सगळं जाईल आणि मग मीही काही करू शकणार नाही.

आणखी एक. ही सिस्टीम मालकाला अडवत नाही. एकदा पासवर्ड विचारते आणि तू म्हणशील ते करते, मग ते शहाणपणाचं असो की नसो. तेव्हा पासवर्ड मागितला की जरा थांबून वाच. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

अडलीस तर फोन कर, मी हळू बोलेन. तुझा आशीर्वाद नेहमीसारखा पाठीशी असू दे.

तुझी,
खारू

२४ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

झालं! सहाही झाले!

पहिल्याने मला रडवलं हे कबूल करते. ते बटण मी इतक्या सभ्यपणे दाबत होते की त्याला कळतच नव्हतं. शेवटी चिडून धपाधप दाबलं तेव्हा उघडलं. दुसऱ्याला तुझी पानं दोनदा वाचली, सहाव्याला एकदाही नाही. निळी पाटी गेली. आता कॉम्प्युटर सुरू होतो आणि गप्प बसतो, मला फार आवडलं ते.

प्रिंटरसाठी मी अर्धा दिवस राखून ठेवला होता. तार लावली आणि त्याने आपणहून ओळख दिली. प्लंबरने बिल छापलं, आणि कागद हातात घेऊन तो माझ्याकडेच बघत राहिला. नर्सला आधी बटणं जागेवर सापडेनात, तिने नाक मुरडलं. आता म्हणते पूर्वीपेक्षा लवकर उघडतं, आणि तिच्या नोट्स ती रोज त्याच कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर लिहिते. मी स्वतः पुस्तकांची सूची, सभासदांची पत्रं, सगळं याच्यावरच करते. मराठी टायपिंगही जमतं. स्कॅनर तेवढा रुसून बसलाय. मी त्याच्याशी बोलत नाही, तोही माझ्याशी बोलत नाही.

चिटणीस येऊन बघून गेले. परवाना कुठे आहे विचारलं, मी म्हटलं लागत नाही. फुकट म्हणजे आत काहीतरी गोम असणार, असं पुटपुटत गेले. जाऊ देत. मी सध्या खोलीत अशी वावरते, की बघणाऱ्याला वाटावं हे सहाही मीच जन्माला घातलेत.

प्रकृतीला जप. माझा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझी,
आत्या

४ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. धपाधप दाबलं या वाक्याला आमच्या मुख्य बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, अशी एक आत्या आपल्याकडे का नाही. मी दिवसभर भाव खाल्ला.

आता सभेचं. मी रजा घेतली आहे आणि बसचं तिकीटही काढलं आहे. परवाना, सुरक्षा, फुकट का, चिटणीसांच्या सगळ्या शंकांची उत्तरं मी देते. तू नुसती शेजारी बस. त्यांना तोंड उघडायला जागा ठेवायची नाही असं मी ठरवलंय. स्कॅनरकडेही बघते.

भेटीची वाट बघते आहे. तोवर लोभ जपून ठेव.

तुझी,
खारू

१० मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

तू येऊ नकोस.

लगेच तोंड फुगवू नकोस, पुढचं वाच. तू आलीस तर छान बोलशील, यात शंका नाही. सभा तुला टाळ्या देईल आणि सगळे म्हणतील, भाची हुशार आहे हो. मग तू बसने परत जाशील, आणि दुसऱ्या दिवशी चिटणीस पुन्हा माझ्यापुढे उभे राहतील, की ती गेली, आता हिला काय जमणार? मला किल्ली तुझ्या भरवशावर नको आहे. नुसती शेजारी बस, असं तू लिहिलंस. आयुष्यभर मला हेच सांगत आलेत सगळे, खारू. निदान तू नको सांगूस.

सभा झाली की सगळं कळवते. माझ्यावर रागाव हवं तर, पण रुसू नकोस.

तुझी,
आत्या

१५ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

बरं. तिकीट रद्द करते.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. शेजारी बस हे मी सहज लिहिलं होतं, पण तुझं पत्र वाचून ते मलाही ऐकू आलं. तुझं तू बघशील, मला माहीत आहे. फोन मात्र चालू ठेव.

नमस्कार, आणि पुष्कळ शुभेच्छा. लोभात खोट नाही.

तुझी,
खारू

३० मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुला आधी शेवट सांगते, म्हणजे तू श्वास घेशील. खोली राहिली. किल्ली माझ्या पिशवीत आहे. आता सुरुवातीपासून ऐक, आणि हसू नकोस.

सभेच्या आदल्या दिवशी मी आवरायला घेतलं. टेबलं पुसली, पडदे पुसले, माऊस पुसले, आणि वाटलं, आतूनही आवरावं. आम्ही वर्षातून एकदा कपाटं आवरतो, तुला ठाऊक आहे. बरीच वर्षं ज्याला कोणी हात लावला नाही ते पुस्तक बाद. नेमकी नर्सच्या कॉम्प्युटरच्या पोटात शिरले. तिथे फायलींचा नुसता डोंगर, तारखा कित्येक वर्षांपूर्वीच्या, आणि नावं अशी की कोणी वाचायला मागणारच नाही. मी बाह्या सरसावल्या. त्याने पासवर्ड मागितला, दिला. खात्री आहे का विचारलं, मी म्हटलं पूर्ण. बारा वर्षं हेच काम करते आहे.

दुसऱ्या दिवशी सभासद येऊन बसले, मी एकेक कॉम्प्युटर सुरू केला. पाच उठले. सहावा काळाठिक्कर, वर दोन ओळी पांढरी अक्षरं. तुझं वाक्य आठवलं, मालकाला अडवत नाही! चिटणीस चष्मा लावून पडद्याजवळ आले. नर्स मुद्दाम माझ्या बाजूने बोलायला आली होती, तिचा चेहरा पांढरा पडला. तिच्या वर्षभराच्या नोट्स त्यातच होत्या.

तार सैल आहे म्हणता आलं असतं. पण मी सांगून टाकलं, की हा मीच बिघडवला आहे, सिस्टीमच्याच कामाच्या फायली बाद केल्या, आणि आता तुमच्यासमोर नीट करते, तोवर चहा घ्या. चिटणीसांनी घड्याळ पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. मी पेनड्राइव्ह लावला, तुझी पानं टेकवली. तांबड्या शाईपाशी आले तेव्हा खोलीत कपांचासुद्धा आवाज नव्हता. चौकट मोकळी सोडली. माझा हात अगदी स्थिर होता.

लोकांचा दुसरा चहा संपेपर्यंत कॉम्प्युटर उठला. नर्सने तिची फाइल उघडली, सगळं जागच्या जागी. तिने मला सगळ्यांसमोर मिठी मारली, माझा चष्मा वाकडा झाला. चिटणीस म्हणाले, चालणारे पाच पाहून त्यांचं मन वळलं नव्हतं, पण मेलेला उठताना पाहिला आणि वळलं. मग त्यांनी विचारलं, पुढे कधी बंद पडला तर कोणाला बोलवायचं. मी सांगितलं, माझी भाची आहे ना, तिला. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

तेव्हा तुझी गरज काही संपलेली नाही हो. स्कॅनर तुझ्यासाठीच ठेवलाय. सवडीने ये. माया कणभरही कमी झालेली नाही.

तुझी,
आत्या

५ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोटं लिहायला तुला अजिबात जमत नाही.

तिकीट मी रद्द केलंच नव्हतं. करणार होते, रोज करणार होते, आणि सभेच्या दिवशी सकाळी बसमध्ये बसले होते. आत यायचं नाही असं ठरवलं होतं, शपथ. वर्तमानपत्रांच्या स्टँडमागून खोलीच्या दाराची काच दिसते, तिथे उभी राहिले. तो पडदा काळा झालेला मी पाहिला, आत्या. पिशवीतून माझा पेनड्राइव्ह काढला, दारापाशी गेले आणि मुठीवर हात ठेवला. मूठ फिरवणार, तेवढ्यात तू सगळ्यांकडे वळलीस आणि हा मीच बिघडवला आहे, असं म्हणालीस. मी हात काढून घेतला आणि स्टँडमागे परत गेले.

तांबड्या शाईच्या वेळी तू पान डोळ्यांजवळ धरलंस. हात थरथरत होता तुझा, मला लांबून दिसत होता. चौकट भरली गेली असती तर मलाही काही करता आलं नसतं, हे त्या खोलीत तुझ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं. तरी तुझं बोट बरोबर तिथेच थांबलं. मिठी पाहिली, चष्मा वाकडा झालेला पाहिला. मी तिथे एकटीच रडले, वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका आजोबांनी मला त्यांची खुर्ची देऊ केली.

आणि पुन्हा दारापाशी येऊन चिटणीसांचा प्रश्नही ऐकला, की बंद पडला तर कोणाला बोलवायचं. तू माझं नाव घेतलंच नाहीस. मला बोलवा, असं म्हणालीस. त्यांना नीट ऐकू आलं नसावं, कारण तू ते पुन्हा म्हणालीस, मोठ्याने, मान ताठ करून. मग मी पिशवी उचलली आणि बसस्टॉपवर गेले. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना मी तुझी सगळी गोष्ट सांगितली. त्यांना उतरायचं होतं तिथे त्या उतरल्या नाहीत, पुढच्या स्टॉपवर उतरल्या.

मला लागेल म्हणून तू पत्रात माझं नाव घातलंस, ते मला कळतं. पण लागलं नाही. मी पदवी घेतली, नोकरी मिळवली, तेव्हाही इतकं मिरवावंसं वाटलं नव्हतं. मला तुझा फार अभिमान वाटतो, आत्या, आणि हे मी फोनवर भराभर सांगून टाकणार नाही, म्हणून लिहिते आहे.

पुढच्या महिन्यात येते. स्कॅनर राहू दे तसाच, मी नुसती तुझ्याजवळ बसायला येते आहे. लोभ होता तसाच असू दे, आणि तोवर एक काम कर. चिटणीसांना दिलंस ते उत्तर, जसं दिलंस तसंच, तुझ्या अक्षरात मला लिहून पाठव.

तुझी,
खारू