दारफाळणीला उघडं दार

आई, तुला जाऊन तीस वर्षं होत आली आणि मी तुझ्या माहेरी राहते आहे, हे तुला अजून सांगितलेलंच नाही. बॉनमध्ये नोकरी घेतली तेव्हा मनात म्हटलं, आजोळी राहायचं भाग्य कितीजणींना मिळतं? पोचल्यावर मात्र ओळखीचं कोणीच नव्हतं. ज्यू म्हणून इथल्या आजी-आजोबांचं त्या नाझी लोकांनी काय केलं ते तू एकदाच, अर्ध्या वाक्यात सांगितलं होतंस आणि लगेच वाल सोलायला घेतले होतेस. माझं खरं आजोळ अलिबागचंच. तुला मावशीबरोबर बोटीत बसवून मुंबईला पाठवलं, वर्षभरात मावशी टायफॉइडने गेली, आणि ती होती त्या हॉस्पिटलातल्या एका नर्सबाईंनी तुला आपल्या अलिबागच्या घरी नेलं. त्याही ज्यूच, पण कोकणातल्या, घरात मराठी बोलणाऱ्या. गोरीपान, मराठीचा एक शब्द न येणारी आठ वर्षांची तू त्यांची लेक झालीस, आणि पुढे त्या माझी आजी.

तुझी पहिली दारफाळणी आजीने मला कितीदा तरी सांगितली आहे. कडक उपास, पांढरे कपडे, सकाळपासून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, बाहेरच्या कोणाशी बोलायचं नाही, ही आपली रीत. आजोबा एकेक दार लावत जातात, कडी पडते, आणि तू दिसेनाशी होतेस. घरभर शोधाशोध. शेवटी तांदळाच्या कणगीमागे सापडतेस. रडत नाहीस. स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड घट्ट दाबून बसली आहेस. बॉनच्या घराचं दार माणसं ठोठावत होती तेव्हा तुझ्या आईने तुझं तोंड असंच दाबून धरलं असणार. आजोबा गेले आणि पुढचं दार सताड उघडून आले. दुसऱ्या दिवशी समाजातले एक काका तावातावाने आले, "सणाचं नाव काय आणि तू करतोस काय?" आजोबा म्हणाले, "दार भायेरच्यांसाठी लावतात. आपलीच पोर भायेरची व्हायला लागली तर लावून काय करू?" ते असेपर्यंत ते दार दरवर्षी उघडं राहिलं, आणि लग्नानंतर आपल्या घरी तूही तेच केलंस. मला तर मोठी होईपर्यंत वाटायचं, जगभरच्या ज्यूंची हीच रीत असणार.

इथल्या सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा गेले ती दारफाळणीलाच, मनात तेच उघडं दार धरून. लोखंडी फाटक, रस्त्यावर पोलिसांची गाडी. फाटकाशी उभ्या असलेल्या तरुण पहारेकऱ्याने माझी पर्स खालीवर करून विचारलं, "भारतातल्या? भारतात ज्यू असतात?" मी म्हटलं, "असतात. आणि आजच्या दिवशी ते दार उघडं ठेवतात." तो हसला नाही. "इथे ते जमणार नाही," म्हणाला. आत बायका आपापसात रशियन बोलत होत्या. महाराष्ट्र मंडळात जावं, तर तिथल्या एक वहिनी दर गणपतीला विचारतात, "म्हणजे तुम्ही ओरिजिनली नेमक्या कुठल्या हो?" मोदक वाढता वाढता विचारतात, म्हणून रागावताही येत नाही. एकटं वाटतं गं. माणसांत गेलं की जास्तच वाटतं.

म्हणून मी आपली घरीच दारफाळणी करते. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटचं दार सकाळी उघडायचं आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचं. समोरच्या म्हाताऱ्या बाई दरवर्षी बाहेर येऊन सुनावतात, "तुमच्या हीटरची सगळी ऊब जिन्यात चालली आहे." मी म्हणते, "हो, हो, माहीत आहे." वर्षाकाठी आमचं एवढं एकच भांडण, पण ते आम्ही दोघी चुकवत नाही.

यंदा दुपारी जिन्यात बुटांचा आवाज आला. जड बूट. दुसऱ्या मजल्यावर थांबले, मग पुन्हा वर येऊ लागले. उपासाने डोकं हलकं झालं होतं म्हण, की हल्ली सिनेगॉगबाहेर पोलिसांच्या एका गाडीच्या दोन झाल्या आहेत म्हणून म्हण, माझा हात आपोआप तोंडावर गेला. पार्सलवाला होता तो. समोरच्या बाईंच्या दाराशी खोकं ठेवून निघून गेला. मी उठले आणि दार लावलं. आजोबांनी आणि तू इतकी वर्षं उघडं ठेवलेलं दार मी लावलं, कुलूप फिरवलं, वर साखळीही अडकवली.

संध्याकाळी बेल वाजली. समोरच्या बाई होत्या. "आज तुमचं दार बंद दिसलं," त्या फटीतून म्हणाल्या, "बरं नाही का?" त्यांच्या हातात झाकलेला वाडगा होता, सूपचा वास येत होता. माझा उपास असतो हे त्यांना कधी सांगितलेलं नाही. मी बरी आहे म्हटलं, आभार मानले. वाडगा फटीतून आत येईना. त्यांनी एकदा साखळीकडे पाहिलं, मग तो पायपुसण्यावर ठेवून आपल्या घरात गेल्या. हे तुला पोचायचं नाही, म्हणून सांगू शकते. मी साखळी काढली नाही, आई.